युद्धकाळात लेखणी राखणारे डॉ. हर्डीकर

डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर यांचे नाव आपल्याकडील जुन्या घराण्यांतून अपरिचित नाही. हिंदुस्थानी सेवादलाचे संस्थापक, हुबळीचे डॉक्टर हर्डीकर, एवढी ओळख बहुतेकांना असते. त्यांचे नाव निघाले की कवायत, संचलन आणि झेंडावंदन हीच चित्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु हा शिस्तीचा भोक्ता गृहस्थ सेवादल उभारण्यापूर्वी सात-आठ वर्षे अमेरिकेत होता, आणि पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत न्यूयॉर्क शहरातून हिंदुस्थानच्या बाजूने निघणाऱ्या एका मासिकाच्या कामात गढलेला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. युद्ध चालू असताना सत्य लिहू पाहणाऱ्यावर कोणते प्रसंग गुदरतात, आणि त्यांतून मान सोडवून घेण्यास काय लागते, हे त्यांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या चरित्रांत दिसते. म्हणून त्या भागाकडे जरा विस्ताराने पाहण्याचे योजिले आहे.

धारवाडचे संस्कार

हर्डीकरांचा जन्म ७ मे १८८९ रोजी धारवाडकडचा. त्या काळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. आडनाव मराठी, भूमी कन्नड, आणि घराबाहेर पडताच दोन्ही भाषा कानी पडाव्यात, अशी त्या मुलुखाची ठेवण. आपल्या मिरजेकडून गाडीत बसावे, बेळगाव-लोंढ्यावरून धारवाड-हुबळीस उतरावे, आणि परमुलुखात आलो असे वाटूच नये, असा हा शेजार आहे. या शेजाराने आपल्याला गाणेही दिले. हुबळीजवळचे कुंदगोळ हे तर जमखिंडी संस्थानातलेच गाव. तेथील रामभाऊ कुंदगोळकर पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले.

त्या काळच्या धारवाडात ‘केसरी’ घरोघर वाचला जाई. १९०८ साली लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लेखांबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्यांना मंडालेस नेण्यात आले, तेव्हा हर्डीकर एकोणीस वर्षांचे होते. लेखणीची किंमत किती असते हे ऐन उमेदीच्या वयात त्यांच्या पिढीला असे समजले. त्यावेळी देशात युद्ध नव्हते. शांततेच्या काळात दोन लेखांना सहा वर्षे, तर युद्धाच्या काळात काय, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाच्या मनात आला नसावा. त्याचे उत्तर सहाच वर्षांनी मिळावयाचे होते.

हर्डीकर वैद्यकीकडे वळले. कलकत्त्यास शिक्षण पुरे करून १९१३ साली ते अमेरिकेस गेले आणि मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य हा विषय घेऊन १९१६ मध्ये पदवीधर झाले. त्या काळी परदेशी जाणारा बहुतेक विद्यार्थी विलायतेचा रस्ता धरी. अमेरिकेस जाणाऱ्याला हाताने काम करून शिकावे लागे. परंतु इंग्रजी अंमलाबाहेरचा वारा अंगाला लागे तो तेथेच. तेथील हिंदी विद्यार्थ्यांना संघटित करण्याच्या कामात हर्डीकर लवकरच पुढे आले.

घरची परिस्थिती

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानातील वर्तमानपत्रांवर त्याची छाया ताबडतोब पडली. मौलाना महंमद अली यांच्या ‘कॉम्रेड’ पत्राचा जामीन तुर्कस्तानवरील एका लेखाबद्दल त्याच वर्षी जप्त झाला, पत्र बंद पडले, आणि पुढच्या वर्षी ते स्वतः स्थानबद्ध झाले. अबुल कलाम आझाद यांचे ‘अल् हिलाल’ १९१४ मध्ये बंद पडले व पुढे त्यांना रांचीस अडकवून ठेवण्यात आले. मार्च १९१५ मध्ये हिंदुस्थान संरक्षण कायदा झाला. चौकशीवाचून माणसाला एका गावात डांबण्याची, एका प्रांतात येण्यास बंदी करण्याची, त्याचे तोंड बंद करण्याची मुभा सरकारास मिळाली. बेझंटबाईंच्या ‘न्यू इंडिया’चा जामीन प्रथम गेला, आणि जून १९१७ मध्ये त्यांना व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना स्थानबद्ध करण्यात आले.

टिळकांची कथा तर आपल्या अगदी उंबरठ्यावरची आहे. १ मे १९१६ रोजी बेळगावास आणि महिनाभराने अहमदनगरास त्यांनी होमरूलवर मराठीतून भाषणे केली. त्यांच्या साठीच्या समारंभाच्या सुमारास जामिनाची नोटीस हाती पडली. वर्षभर सरळ वागण्याबद्दल स्वतःचा वीस हजारांचा जातमुचलका, आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन, असा मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला. बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. या खटल्यात मौज अशी की, सारा वाद मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरावर आणि एकंदर भाषणाचा रोख कोणता यावर चालला होता. एक शब्द इकडचा तिकडे झाला की माणूस राजनिष्ठाचा राजद्रोही व्हावा, असे ते दिवस होते.

लालाजींची गाठ

पंजाबचे लाला लजपतराय १९१४ मध्ये काँग्रेसच्या शिष्टमंडळाबरोबर विलायतेस गेले होते. युद्ध सुरू झाल्यावर ते अमेरिकेस आले, मधले काही महिने जपानात काढून पुन्हा अमेरिकेस परतले, आणि तेथेच अडकले. १९०७ साली त्यांनाही मंडालेची हवा दाखवून झाली होती. आता स्वदेशी परतण्यास त्यांना परवानगी मिळेना. १९१६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला ‘यंग इंडिया’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तर त्यावर हिंदुस्थानात व विलायतेतही बंदी आली. घर हजारो कोसांवर, मिळकत लेखांची व व्याख्यानांची, आणि मागे इंग्रजांचे हेर, असा हा वनवास होता.

अशा वेळी त्यांना जे तरुण सहकारी लाभले त्यांत हर्डीकर होते. वैद्यकाची पदवी हाती असताना ते दवाखान्याकडे न वळता लालाजींच्या कार्यालयाकडे वळले. लालाजी पन्नाशी उलटलेले, तर हर्डीकर अजून तिशीच्या आत. एकाने लिहावे व बोलावे, दुसऱ्याने व्यवस्था पाहावी, माणसे जोडावी, गावोगाव फिरावे, अशी वाटणी हळूहळू होत गेली.

मीठ आणि चीज

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळी अमेरिकेतील हिंदी लोकांपुढे दोन वाटा होत्या. पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्षाची मंडळी होती. १ नोव्हेंबर १९१३ पासून त्यांचे ‘गदर’ पत्र निघू लागले होते. आपल्या वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे त्यांच्यात होते, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. छापखान्यात यंत्र फिरवणारा कर्तारसिंग सराभा तर विशीच्या आतला पोरगा. युद्ध सुरू होताच ही मंडळी सशस्त्र उठावासाठी मायदेशी परतली, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी पिंगळे व कर्तारसिंग लाहोरच्या तुरुंगात एकाच दिवशी फासावर गेले. त्यांच्या त्यागापुढे आपण नुसते मस्तक नमवावे. परंतु या उद्योगात जर्मन सरकारचा पैसा शिरला होता, आणि युद्धाच्या काळात शत्रूच्या पैशाचा वास आला की मग खरे-खोटे कोणी पाहत नाही.

लालाजींनी तो पैसा घेतला नाही. जर्मनीचा डाव वेगळा, आपले काम वेगळे, हा हिशेब त्यांच्या मनात स्वच्छ होता. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही. ज्याचे मीठ खावे त्याची चीज गावी लागते. धन्याला मारवा नको असेल तर संध्याकाळीही मारवा गाता येत नाही. गवयाचे यात फारसे बिघडत नाही, बैठक साजरी होऊन जाते. लिहिणाऱ्याचे मात्र सर्वस्व जाते. कारण एकदा तो कोणाचा बांधील आहे असे ठरले की त्याने सांगितलेला दुष्काळाचा आकडाही शत्रूचा डाव ठरतो. युद्धात लेखकावर येणारी संकटे सरकारच्या बाजूनेच येतात असे नाही. त्याला आपल्या कामी जुंपू पाहणारी दुसरी बाजूही तितकीच घातक असते. हर्डीकरांनी उमेदवारी केली ती हा धडा गिरवीत. हिंदी माणसांची वर्गणी, टिळकांसारख्यांनी स्वदेशातून धाडलेली मदत, आणि अमेरिकन मित्रांचा हातभार, एवढ्यावरच ते काम चालले.

अमेरिका युद्धात

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली आणि एका रात्रीत सारे पारडे फिरले. काल जो इंग्रज तिऱ्हाईत होता तो आज दोस्त झाला, आणि दोस्ताच्या राज्याविरुद्ध बोलणारा हिंदी माणूस संशयित ठरला. त्या जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा मंजूर झाला. नाव हेरांचे, पण त्याचा मारा बसला तो लेखकांवर व वक्त्यांवर. ‘मासेस’ नावाच्या गाजलेल्या मासिकास टपालखात्याने दार बंद केले, आणि नियतकालिकाला टपाल बंद म्हणजे श्वासच बंद. समाजवादी पुढारी युजीन डेब्स यांना एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. अशा माणसांच्या बाजूने उभे राहण्यासाठी रॉजर बाल्डविन यांनी न्यूयॉर्कला नागरिक स्वातंत्र्याची संस्था काढली. पुढे सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांनाही तुरुंगात जावे लागले. म्हणजे लिहिणारा धोक्यात, आणि त्याची कैफियत मांडणाराही धोक्यात.

हिंदी लोकांवर तर दुहेरी टांगती तलवार होती. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने आशियातील लोकांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली, आणि जे आधीच आलेले होते त्यांना हद्दपारीचे भय पडले. हद्दपार झालेला माणूस जहाजावरून उतरणार तो थेट इंग्रजांच्या हाती.

नोव्हेंबर १९१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला हिंदी-जर्मन कटाचा खटला उभा राहिला. शंभरावर माणसांवर आरोप होते. पाच महिने तो चालला, एकोणतीस जणांना शिक्षा झाल्या. एप्रिल १९१८ मध्ये खटल्याच्या शेवटी ‘गदर’चे संपादक रामचंद्र यांना भर न्यायालयात त्यांच्याच एका सहआरोपीने गोळी घालून ठार केले, आणि मारेकरीही तेथल्या तेथे मार्शलच्या गोळीला बळी पडला. संशय, पैशांचे वाद आणि गटबाजी यांनी पोखरलेल्या चळवळीत संपादकाचा शेवट असा झाला. त्याच वसंतात न्यूयॉर्कमध्ये शैलेंद्रनाथ घोष आणि अ‍ॅग्नेस स्मेडली यांना अटक झाली. स्मेडलीबाई लालाजींपाशी हिंदुस्थानचा इतिहास शिकलेल्या, त्यांच्या लेखनाला हातभार लावणाऱ्या. त्यांची रवानगी शहराच्या तुरुंगात झाली. म्हणजे वादळ हर्डीकरांच्या कार्यालयाच्या दारापर्यंत येऊन ठेपले होते.

‘यंग इंडिया’ मासिक

याच धामधुमीत, ऑक्टोबर १९१७ मध्ये, लालाजींनी न्यूयॉर्कला इंडिया होमरूल लीग ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन केली, आणि जानेवारी १९१८ मध्ये तिचे ‘यंग इंडिया’ मासिक निघू लागले. महात्माजींनी पुढे १९१९ मध्ये हाती घेतलेले याच नावाचे साप्ताहिक निराळे. नावाच्या सारखेपणाने पुष्कळांची गफलत होते, म्हणून हा खुलासा.

सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालू आहे, न्यूयॉर्कमध्ये धरपकड चालू आहे, आणि एक हिंदी मासिक दर महिन्यास निघते आहे, हे घडले कसे? पहिले कारण वर आलेच, की त्यांच्या हिशेबाच्या वह्या कोणालाही दाखविता येण्यासारख्या होत्या. दुसरे कारण लिहिण्याच्या पद्धतीत होते. लालाजी इंग्रजी अमलाचे दोष सांगत ते बहुधा इंग्रजांच्याच कागदांतून. त्यांचे सरकारी अहवाल, त्यांचे अधिकारी, त्यांचेच इतिहासकार. १९१७ साली त्यांनी ‘इंग्लंड्स डेट टु इंडिया’ हा आर्थिक लुटीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच रीतीचा. दुष्काळ, शिक्षण, दरडोई उत्पन्न, लष्करावरचा खर्च, सारे आकडे सरकारच्या दप्तरातले. त्यांना राजद्रोह म्हणावे तर आधी आपलेच दप्तर जाळावे लागेल. तिसरे कारण असे की, मागणी साम्राज्याअंतर्गत स्वराज्याची होती, आणि लहान राष्ट्रांच्या हक्कांची भाषा अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन स्वतःच बोलत होते. त्यांचाच सूर धरून त्यात आपली बंदिश बसविण्याचे हे कसब होते.

हर्डीकरांच्या वाट्यास संपादनातील मदत, लीगच्या शाखांचे संघटन आणि दौरे आले. हिंदी मजुरांच्या संघाचेही ते चिटणीस होते. मासिक लिहिणारा एक असतो, पण ते छापणे, गुंडाळणे, वर्गणी मागणे, पत्ते जुळविणे, आणि शहरोशहरी सभा भरवून हिंदुस्थान म्हणजे साप-गारुड्यांचा देश नव्हे हे समजावून सांगणे, याला माणूस लागतो. १९१९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील अनेक शहरांतून व्याख्यानांचा मोठा दौरा केला. चर्च, क्लब, विद्यापीठे, मजुरांच्या सभा, जेथे व्यासपीठ मिळेल तेथे ते बोलले. धारवाडकडचा एक तरुण डॉक्टर परक्या भाषेत, परक्या थंडीत, गुप्त पोलिसांच्या नजरेखाली, आपल्या देशाची बाजू मांडीत हिंडतो आहे, हे चित्र आपण डोळ्यांपुढे आणावे.

युद्ध संपले, कायदे राहिले

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. आता तरी लेखणीला मोकळीक मिळेल अशी आशा होती. झाले उलटे. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली. पंजाबात लष्करी कायदा पुकारून ‘ट्रिब्यून’चे संपादक कालिनाथ रॉय यांना दोन वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली, ती पुढे कमी झाली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन हे जातीने इंग्रज, पण २६ एप्रिल रोजी त्यांना मुंबईहून उचलून विलायतेच्या जहाजावर चढविण्यात आले, आणि तेही युद्धासाठी केलेल्या संरक्षण कायद्याच्या आधारे. युद्ध संपून पाच महिने झाले होते!

पंजाबची हकीकत बाहेर पडू नये म्हणून इकडे आटापिटा चालला असता तिकडे ‘यंग इंडिया’चे मोल वाढले. ऑगस्ट १९१९ मध्ये डडली फील्ड मॅलोन या नामांकित वकिलांनी लीगतर्फे अमेरिकन सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे हिंदुस्थानची कैफियत मांडली. स्वदेशात ज्यांची तोंडे बांधली होती त्यांचा आवाज पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सभागृहात उमटला. लालाजींना अखेर परतीची परवानगी मिळाली व फेब्रुवारी १९२० मध्ये ते मुंबईस उतरले. मासिक त्या वर्षअखेरपर्यंत निघाले. १९२१ मध्ये हर्डीकरही स्वदेशी परतले आणि हुबळीस स्थायिक झाले.

हुबळी, नागपूर, काकीनाडा

अमेरिकेतून त्यांनी काय आणले, असे कोणी विचारल्यास शिस्त, असे उत्तर द्यावे लागेल. १९२३ साली नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला. हर्डीकर हुबळीच्या स्वयंसेवकांची तुकडी घेऊन गेले. तुरुंगातील हालांना कंटाळून कित्येकांनी माफी लिहून दिली, परंतु हुबळीच्या तुकडीने दिली नाही. ही वार्ता सर्वत्र झाली, आणि त्याच वर्षअखेर काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवादलाचा जन्म झाला. पंडित जवाहरलाल नेहरू त्याचे पहिले अध्यक्ष, आणि कामाचा भार हर्डीकरांवर.

काकीनाड्याच्या त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते मौलाना महंमद अली, युद्धाच्या आरंभी ज्यांचे पत्र बंद पडले आणि ज्यांना चार वर्षे स्थानबद्ध राहावे लागले तेच. आणि त्याच मंडपात आपल्या कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुसकर वंदे मातरम् गावयास उभे राहिले होते. मौलानांनी धर्मबुद्धीने गायनास हरकत घेतली. पंडितजींनी गाणे थांबविले नाही, ते पुरे केले. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, यात शंका नाही. तरी संगीताचा शिक्षक या नात्याने एवढे म्हणावेसे वाटते की, ज्याचा आवाज एकदा सरकारने बंद केला होता त्याच्यासमोरच दुसऱ्याचा आवाज राखण्याची वेळ आली, हा योग विलक्षण होता. मुस्कटदाबी सरकारच करते असे नाही. आपली माणसेही, सद्हेतूने, गप्प बसा म्हणतात. तेव्हा सूर न सोडणे अधिक कठीण.

पुढच्याच वर्षी बेळगावास महात्माजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले, त्याची व्यवस्था हर्डीकरांच्या स्वयंसेवकांनी राखली. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची गंगूबाई हनगल होती. हुबळीहून हर्डीकरांनी ‘व्हॉलंटियर’ नावाचे इंग्रजी मासिकही चालविले. छापखान्याची शाई एकदा बोटांना लागली की सुटत नाही, हेच खरे.

१९२८ साली सायमन कमिशनच्या निषेधाच्या मिरवणुकीत लालाजींवर लाठ्या पडल्या आणि १७ नोव्हेंबरला ते गेले. हर्डीकरांचे गुरुछत्र हरपले. १९३२ मध्ये सेवादल बेकायदा ठरले. पुढे काँग्रेसवरची बंदी उठली, पण सेवादलावरची तशीच राहिली. सेवादलाच्या महिला शाखेच्या प्रमुख उमाबाई कुंदापूर तुरुंगातून सुटून हुबळीस आल्या तेव्हा त्यांचा कर्नाटक छापखाना जप्त झालेला होता, टिळक कन्याशाळेस टाळे लागले होते, भगिनी मंडळ बेकायदा ठरले होते. माणसाला धरणे सोपे, म्हणून ते आधी केले. मग यंत्र धरले, मग शाळा धरली. त्या तीन टाळ्यांत त्या बाईंच्या साऱ्या जन्माची मिळकत गेली.

दुसरे महायुद्ध

१९३९ मध्ये पुन्हा युद्ध आले आणि पुन्हा तेच नियम नव्या नावाने आले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात तर युद्धाविरुद्ध चार शब्द बोलणे हाच गुन्हा होता, आणि तो करणारे पहिले सत्याग्रही आपले विनोबा. छापण्यापूर्वी लेख तपासून घ्या असे फर्मान सुटताच महात्माजींनी ‘हरिजन’ बंद ठेवला. १९४२ मध्ये सरकारने तो जप्त केला व जुन्या अंकांचाही नाश केला. हुबळीत त्या ऑगस्टमध्ये नारायण डोणी हा शाळकरी पोर पोलिसांच्या गोळीस बळी पडला. ‘कर्मवीर’ साप्ताहिक ज्यांनी १९२१ साली काढले ते धारवाडचे रंगनाथ दिवाकर भूमिगत होऊन लढा चालवीत राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला हर्डीकरांनी जे पाहिले होते ते आता त्यांच्या घरच्या रस्त्यावर आले.

स्वातंत्र्यानंतर हर्डीकर १९५२ ते १९६२ राज्यसभेवर होते. १९५८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मिरज-बेळगाव लोहमार्गावर घटप्रभा लागते, तेथील आरोग्यधामाच्या उभारणीतही त्यांचा वाटा मोठा. सार्वजनिक आरोग्याचे जे शिक्षण त्यांनी मिशिगनला घेतले होते ते अखेर आपल्याच नदीकाठी कामी आले. २६ ऑगस्ट १९७५ रोजी ते निवर्तले. त्या वेळी देशात आणीबाणी लागून दोन महिने झाले होते, आणि वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणीचे बंधन होते. ज्याने तरुणपणी टपालाच्या व जामिनाच्या फासातून एक मासिक सोडवून नेले, त्याच्या मृत्यूची बातमीही तपासल्या जाणाऱ्या पानांवर छापली गेली. १९८९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले.

या चरित्राचा बोध

अमेरिकेचा १९१७ चा तो हेरगिरीविरोधी कायदा अजून जिवंत आहे. जून २०२४ मध्ये ज्युलियन असांज यांनी ज्या गुन्ह्याची कबुली देऊन सुटका करून घेतली तो गुन्हा याच कायद्याखालचा. युद्धापुरता म्हणून केलेला कायदा शंभर वर्षे उलटली तरी माणसे धरतो आहे. दुसरीकडे संरक्षणाचे करारही झाले. १९७७ च्या जिनीव्हा पूरक करारात युद्धभूमीवरील वार्ताहराला नागरिक मानून त्याचे रक्षण करावे असे ठरले, आणि डिसेंबर १९९८ मध्ये मानवी हक्कांसाठी झटणाऱ्यांच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांनी जाहीरनामा काढला. कागद चांगले आहेत. तरीही २०२३ मध्ये पेटलेल्या गाझाच्या युद्धात जितके वार्ताहर मारले गेले तितके आधीच्या कोणत्याही युद्धात नोंदले गेले नव्हते, असे पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्था सांगतात. त्यांतले बहुतेक तेथलेच रहिवासी, स्वतःच्याच गावाची हकीकत लिहिणारे.

हर्डीकरांवर गोळी झाडली गेली नाही, त्यांना फासही लागला नाही. म्हणून त्यांची कथा कमी मोलाची ठरत नाही. त्यांच्या डाव्या-उजव्या हाताची माणसे तुरुंगात गेली, एक संपादक न्यायालयात पडला, आणि मासिक मात्र निघत राहिले. कोणाचाही बांधील न होणे, आकडा तपासून लिहिणे, आणि माफी न मागणे, या तीन गोष्टींवर ते निघाले. हुबळीच्या तुकडीने नागपूरच्या तुरुंगात जे दाखविले त्याचा रियाज त्यांच्या नायकाने न्यूयॉर्कमध्ये आधीच केलेला होता. आपल्याकडे सेवादलाचे बिगूल ऐकलेली माणसे आता फार थोडी उरली असतील. त्यांनी आपल्या नातवंडांना त्या बिगुलाबरोबर ‘यंग इंडिया’चीही गोष्ट सांगावी.